अबोल मुलाला थेट कॅनव्हास देऊ नका

लाजऱ्या, अबोल मुलाला चित्रासाठी थेट कॅनव्हास द्या, असं सुचवलं जातं, ते मला पटलं नाही. कोऱ्या पांढऱ्या चौकटीसमोर ही मुलं आणखीच बिचकतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे लहानपणी आई गेल्यावर बोलेनासे झाले होते. धुळीत रेघा काढूनच सांगायचे. पुढे २०११ साली पद्मश्री. आणि तेही वारली आदिवासींचा लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं पालघट देवीचं चौकोनी चित्र, परंपरेने सवाशिणींनी काढायचा असताना! देवाचं काम आणि मशेंची ओळख, दोन्ही या रेघांतच आलं.

अशी वारली चित्रं घरी मुलांकडून करून घ्यायची तर गेरूने सारवलेला पुठ्ठा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून थोडा डिंक, टोक ठेचलेली बांबूची काडी. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रेघ झडते. ओली रेघ फिकी दिसते म्हणून मुलं लगेच दुसरा हात मारतात, मग जाड थर तडकतो. वाळू द्या, पांढरी होते.