'स्थितिस्थापक स्थितिज ऊर्जा' : यातली स्थिती कोणती?

गंगापूररोड_शिक्षिका
अकरावीच्या टिपणांचं मराठी करतेय. ताणलेल्या स्प्रिंगमधल्या ऊर्जेला पुस्तकी नाव 'स्थितिस्थापक स्थितिज ऊर्जा'. काल एका मुलीने विचारलं, "मॅडम, दोन्ही स्थिती एकच का?" एकच नाहीत. पहिली ताणण्याआधीची, जिथे परतायचं ती. दुसरी आत्ताची, ताणून धरलेली. सरळ 'लवचिक ऊर्जा' लिहू का? आणि स्प्रिंग जेवढी लांबली त्याला 'ताण' म्हटलं की मुलं ते बल समजतात. त्याला काय लिहू?

सातपूर_फिटर
ताई, लवचिक नका लिहू. शिशाची तार लवचिकच असते, पण वाकवली की तशीच राहते. स्प्रिंग परत येते, सगळं महत्त्व त्या परत येण्याला आहे. आमच्या शॉपमध्ये स्प्रिंग काढली की आधी व्हर्नियरने मोकळी लांबी बघतो. 60 मिमीची 57 भरली की ती 'बसली', लगेच बदलायची. 'बसली' हा शब्द पुस्तकात का नाही?

पंचवटीकर
स्थितिस्थापक हा शब्द कुणी पाठ्यपुस्तकासाठी पाडलेला नाही. न्याय आणि वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनांनी संस्कार, म्हणजे वस्तूत राहणारा एक गुण, तीन प्रकारचा सांगितला: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वस्तूची अवस्था बदलली तरी तिला पुन्हा पूर्वीच्या अवस्थेत आणतो तो स्थितिस्थापक, आणि त्यांचं उदाहरण आहे चटई. गुंडाळून ठेवलेली चटई पसरा, कोपरा सोडला की परत वळते. इतका नेमका शब्द सोडून 'लवचिक' कशाला?

द्वारका_गॅरेज
मग 'स्प्रिंग' तरी कशाला? आजोबा घड्याळाची कमान म्हणायचे. ट्रकखाली आजही कमानपाटेच आहेत.

पंचवटीकर
कमान फारसीतून आली, मूळ अर्थ धनुष्य.

द्वारका_गॅरेज
आली असेल, पण आता आमची आहे. धनुष्य ताणून सोडणं आणि पाटा दबून उठणं एकच की! स्प्रिंग हा शब्द मुलाला काहीच सांगत नाही, कमान सांगते.

सातपूर_फिटर
दादा, गुंडाळीच्या स्प्रिंगला कमान म्हणालात तर दुकानदार पाटाच काढून देईल.

गंगापूररोड_शिक्षिका
स्प्रिंग राहू दे, तिथे कुणी अडत नाही. अडतात ते इथे: मीटरला 200 न्यूटन स्थिरांकाची, म्हणजे मीटरभर ताणायला 200 न्यूटन बल लागेल अशी स्प्रिंग 10 सेंमी ताणली तर बल 20 न्यूटन. मुलं लगेच ऊर्जा 2 ज्यूल लिहितात. पण बल शून्यापासून 20 पर्यंत चढत गेलंय, सरासरी 10, गुणिले 0.1 मीटर, म्हणून 1 ज्यूल. 20 सेंमी ताणली तर बल दुप्पट, ऊर्जा मात्र चौपट, 4 ज्यूल. 'ताण' शब्द दोन्हीकडे वापरला की हा फरकच पुसला जातो. स्प्रिंगचा नियम मांडणाऱ्या रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1678 मध्ये लॅटिनमध्ये सांगितलं ते 'जसा ताण, तसं बल'. तिथेही ताण म्हणजे लांबणं, जोर नव्हे.

देवळाली_निवृत्त
आमच्या सरांनी विचारलं होतं, जास्त स्थितिस्थापक काय, रबर की पोलाद? सगळा वर्ग म्हणाला रबर. उत्तर पोलाद, कारण शास्त्रात आकार बदलायला जास्त विरोध करतं ते जास्त स्थितिस्थापक. सारख्याच जाडीची तार तेवढीच लांबवायला पोलादाला हजारो पट जोर लागतो. हे मला आजही मनापासून पटत नाही, कारण लहानपणी इलास्टिक म्हणजे चड्डीतलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी झटकन ताणून ओठाला लावायचो, कोमट लागायची. त्याच ट्यूबची गलोल करायचो.

पंचवटीकर
गलोल की बेचकी?

देवळाली_निवृत्त
गलोल. बेचकं म्हणजे फांदीचा दुफाटा, नुसतं लाकूड. रबर लावलं की गलोल.

पंचवटीकर
आमच्या आईकडे सगळ्या वस्तूलाच बेचकी म्हणतात, रबरासकट. आणि पेरूच्या फांदीची असेल तरच खरी.

सातपूर_फिटर
पेरूची की चिंचेची, हे आधी सांगा. चिंचेची आमची कधी मोडली नाही.

गंगापूररोड_शिक्षिका
ताणलं त्या लांबीला 'वाढ' लिहिलं तर चालेल का? दाबलेल्या स्प्रिंगला मात्र तो शब्द लागत नाही.

देवळाली_निवृत्त
चिंचेची जड होते हो. पेरूचीच.