मदत हवी आहे: घरगुती रिबन माइकला बूस्टर जोडला, तरी सळसळ तेवढीच

नमस्कार मंडळी,

चार महिने खपून एक रिबन माइक (पातळ धातूच्या पट्टीच्या कंपनातून आवाज टिपणारा) तयार केला आहे. 2.5 मायक्रॉन जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख, 4 मिमी रुंद, 50 मिमी लांब, दोन निओडिमियम चुंबकांच्या फटीत बसवलेला. सात पट्ट्या कापताना फाटल्या, आठवी टिकली. ट्रान्सफॉर्मर 1:37 चा, तोही हाताने गुंडाळलेला. माइकचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा रोध) मोजला तर 250 ओहमच्या आसपास भरतो. आवाज इतका मऊ आणि खरा आहे की पहिल्यांदा हेडफोन लावले तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता ऐकत बसलो होतो.

मला हळू आवाजातलं वाचन रेकॉर्ड करायचं आहे, हातभर अंतरावरून. त्यासाठी प्रीअँपचा (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) गेन, म्हणजे वाढ, पार शेवटपर्यंत न्यावा लागतो आणि दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत सळसळ भरून राहते. प्रीअँपचा इनपुट नॉइज −120 डीबीयू आहे, म्हणजे साधारण 0.78 मायक्रोव्होल्ट. दोष त्याचाच असं धरून मी मध्ये जेफेटचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) बूस्टर बांधला.

सर्किट साधं आहे. दोन एलएसके170 जेफेट घेतले; प्रत्येकाला तीन टोकं: सिग्नल घेणारं गेट, आउटपुट देणारं ड्रेन आणि सोर्स. ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं दोन गेटना, ड्रेन थेट केबलच्या पिन 2 आणि 3 वर, सोर्स एकत्र करून एका छोट्या रेझिस्टरमधून पिन 1 ला, म्हणजे ग्राउंडला. ड्रेनचा लोड म्हणून प्रीअँपमधले फॅन्टमचे (केबलवरूनच माइकला दिल्या जाणाऱ्या 48 व्होल्टचे) 6.8 किलोओहमचे रेझिस्टरच वापरले जातात. प्रत्येक गेटपासून पिन 1 पर्यंत 1 मेगओहम आहे. शिवाय रेडिओ घुसू नये म्हणून दोन्ही गेटच्या वाटेत 1 किलोओहम टाकले आहेत. ड्रेनवर 27.5 आणि 31 व्होल्ट मिळतात.

गेन मिळाला, चांगला 25 डेसिबल. प्रीअँप तेवढाच खाली आणला. पण आवाजाच्या तुलनेत सळसळ होती तिथेच आहे, कदाचित किंचित जास्तच. माझा संशय त्या 1 मेगओहमवर आहे, कारण मोठा रेझिस्टर म्हणजे जास्त नॉइज. ते 100 किलोओहम करू का? दोन ड्रेनमधला फरक नडतोय का? आणि जेफेट जळला तर 48 व्होल्ट माझ्या वर्खापर्यंत पोचतील का, ही धास्ती वेगळीच. कृपया मार्ग दाखवा.

प्रतिसाद:

माइक मनापासून आवडला. 1 मेगओहमला हात लावू नका, तो निर्दोष आहे. तो माइकला समांतर बसलाय, त्यामुळे त्याचा नॉइज माइकच्या 250 ओहममधून जमिनीला जातो आणि गेटवर जवळपास काहीच उरत नाही. चोर दुसरीकडे आहे: ते दोन 1 किलोओहम. ते सिग्नलच्या वाटेत, सीरिजमध्ये आहेत. गेट करंट ओढत नाही म्हणून सिग्नल कमी होत नाही, पण त्यांचा स्वतःचा उष्णताजन्य नॉइज पुरेपूर गेटवर उतरतो.

हिशोब करून बघा. दोन्ही मिळून 2 किलोओहम. 20 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांचा नॉइज 0.81 मायक्रोव्होल्ट. तुमच्या माइकचा स्वतःचा 0.29, दोन जेफेटचा मिळून सुमारे 0.19. प्रीअँपचा 0.78 आता 25 डेसिबलने मागे पडल्यामुळे इनपुटला 0.05 सुद्धा दिसत नाही. म्हणजे प्रीअँपची सळसळ तुम्ही खरंच घालवलीत, आणि तिच्या जागी जवळजवळ तेवढीच नवी आणून ठेवलीत. किलोओहम काढून 47 ओहम लावा, किंवा फेराइटचा मणी. रेडिओसाठी तेवढं पुरतं, फक्त पेटी धातूची हवी आणि पिन 1 आत शिरल्या शिरल्या पेटीला जोडलेला हवा.

ड्रेनमधला फरक सळसळीचा नाही. एका जेफेटमधून 3 मिलिअँपिअर जातात, दुसऱ्यातून 2.5. जोडी जमत नाही, इतकंच. आयडीएसएस (गेट आणि सोर्स जोडल्यावर जेफेटमधून वाहणारा करंट) मोजून जवळचे दोन निवडा, नाहीतर केबलवर आलेली घरघर नीट कटणार नाही.

वर्खाबद्दल: गेट शाबूत असेपर्यंत फॅन्टम मागे जात नाही. जेफेट शॉर्ट झाला तरी ट्रान्सफॉर्मर डीसी पुढे सोडत नाही, मात्र फॅन्टम चालू करताना एका टोकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर व्होल्टेज पोचलं तर एक झटका वर्खाला बसू शकतो, आणि 2.5 मायक्रॉनला तेवढं पुरेसं आहे. म्हणून सर्किटमध्ये काही बदललं की पहिली चाचणी साध्या डायनॅमिक माइकवर. हा नियम मी कधीच मोडत नाही.

आणखी एक प्रतिसाद:

वर्खापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या तारा बघा. प्राथमिक बाजूचा 0.02 ओहम दुय्यम बाजूला 37 च्या वर्गाने गुणला जातो, म्हणजे 27 ओहम. जाड, आखूड, एकमेकींना पीळ दिलेल्या तारा हव्यात. पीळ नसेल तर तो सैल वळसा घरघरही गोळा करतो.

धागाकर्ता:

दोघांचे खूप आभार! काल रात्री 1 किलोओहम काढून 47 ओहम लावले, डायनॅमिक माइकवर तपासलं आणि मग रिबन जोडला. शांत खोलीतल्या आधीच्या आणि आताच्या रेकॉर्डिंगची पातळी ताडून पाहिली: सळसळ 7 डेसिबलने खाली आली आहे. वाक्यांच्या मधली शांतता आता शांतता वाटते. समांतर आणि सीरिजमधला हा फरक पुस्तकात वाचला होता, पण तो कानाने ऐकला काल.

तारा पाहिल्या. त्या खरंच बारीक होत्या, पीळही नव्हता. बदलायच्या तर वर्ख सोडवावा लागेल, म्हणून दोन दिवस थांबतो. वर्खाचा रोध हिशोबाने 0.135 ओहम, म्हणजे दुय्यम बाजूला 185 ओहम. 250 पर्यंतचे उरलेले 65 या तारांत आणि माझ्या गुंडाळीत आहेत.

आता गेट करंट ओढतच नाही, तर ट्रान्सफॉर्मर 1:37 ऐवजी 1:75 चा गुंडाळावा का? सिग्नल दुप्पट होईल आणि जेफेटचा नॉइज आणखी मागे पडेल, असं वाटतंय. पण एवढ्या वेढ्यांच्या आपसातल्या कपॅसिटन्समुळे वरच्या पट्टीचे स्वर मंदावतील का? कुणी गुंडाळून पाहिला असेल तर गाभा कोणता घेतला आणि दुय्यम बाजूला किती ओहमचा भार ठेवला, ते कळवा.