ऑन-लाइन सिस्टिम्स : नशीब की हिशेब?

कडूकारले : कालच्या लेखातलं वाक्य : "ऑन-लाइन सिस्टिम्सचा केन विल्यम्स ॲपल टू कॉम्प्युटरसाठी फॉर्ट्रान भाषेचा कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) विकायला निघाला, बायको रॉबर्टानं चित्रांचा खेळ सुचवला, १९८० मध्ये नशीब फळफळलं." कसलं नशीब? ॲपल टूचा एक हाय-रेझ पडदा (बारीक ठिपक्यांचं पूर्ण चित्र) ८ केबी खातो. त्या खेळात, 'मिस्टरी हाउस'मध्ये, ७० चित्रं, म्हणजे ५६० केबी. फ्लॉपीत जेमतेम ११३. चित्रांनाच पाच फ्लॉप्या! म्हणून नुसत्या रेषा साठवायच्या आणि दर वेळी चित्र नव्यानं काढायचं. हे कंपायलरवाल्याचं डोकं.

फिरकी : लेख माझाच. कथा रॉबर्टाची, चित्रं रॉबर्टाची, श्रेय कंपायलरला. वा! आणि फ्लॉपी १४० केबीची असते.

कडूकारले : १४० म्हणजे ॲपलची डिस्क-प्रणाली डॉस ३.३, दर ट्रॅकला १६ सेक्टर (तुकडे). खेळ त्याआधीचा. ३५ ट्रॅक × १३ सेक्टर × २५६ बाइट. करा गुणाकार.

दशमान : रेषांचं वाटतं तितकं सोपं नाही हो. पडद्यावर उभे ठिपके १९२, ठिपक्याचा क्रमांक एका बाइटात बसतो. आडवे २८०, बाइटात क्रमांक मावतात २५६ च. उजवीकडचे २४ ठिपके सोडा, नाहीतर रेषेच्या प्रत्येक टोकाला जास्तीचा बिट सांभाळा.

फिरकी : बसा बिट मोजत! १९८३ च्या व्हिडिओ गेमच्या मंदीनं कंपनी जवळजवळ बुडाली, तोही हिशेबच का?

कडूकारले : हो, चुकलेला! फ्लॉपी सोडून कार्ट्रिजच्या खेळांत उतरले. फ्लॉपी मागणी येईल तशी कॉपी करता येते. परत आली तर पुसून दुसरा खेळ भरा. कार्ट्रिजमधली कायमची मेमरी, मास्क रॉम, कारखान्यातच कोरली जाते. ऑर्डर मोठी, पैसे आधी, उरला तो माल भंगार. त्यात अटारी २६०० या गेम कन्सोलला बँक स्विचिंगशिवाय (रॉमचे भाग आलटून-पालटून जोडण्याच्या युक्तीशिवाय) ४ केबी रॉम आणि १२८ बाइट रॅम. यांचे चित्रखेळ त्यात कोंबणार कुठे? हातचं सोडून पळत्यापाठी गेले.

फिरकी : आणि १९८४ मध्ये आयबीएमनं आपल्या घरगुती कॉम्प्युटरसाठी, पीसीज्युनियरसाठी, यांच्याकडून 'किंग्ज क्वेस्ट' खेळ करून घेतला, ते? पीसीज्युनियर तर आपटला.

कडूकारले : आपटला. पण त्याच्या ग्राफिक्सशी जुळणारा टँडी कंपनीचा कॉम्प्युटर टँडी १००० आला आणि खेळ तिथं खपला. टँडी काय काढणार हे केनच्या हातात नव्हतं. घ्या, एवढं नशीब तुमचं.

फिरकी : मास्क रॉममध्ये कोरून ठेवतो.

दशमान : १९८२ मध्येच कंपनीचं नाव सिएरा ऑन-लाइन झालं होतं. शीर्षक तरी दुरुस्त करा कुणीतरी.