पाण्यातलं शिसं जागेवर मोजायचं आहे: कोणतं उपकरण घ्यावं?

पाणवठा:
मंडळी, सल्ला हवा आहे. आमचा स्वयंसेवकांचा लहानसा गट आहे. जुन्या इमारतींमधल्या शाळांत आणि पाळणाघरांत मुलं ज्या नळांचं पाणी पितात, त्यात शिसं उतरतंय का हे तपासायचं ठरवलं आहे. सगळेच नमुने प्रयोगशाळेत पाठवणं झेपणार नाही, म्हणून सोबत नेता येईल असं काही शोधतोय. पाहिलं तर रंग बदलणाऱ्या पट्ट्या आहेत, पेनासारखे टीडीएस मीटर आहेत आणि इलेक्ट्रोड लावून चालणारी हातातली यंत्रंही आहेत. आमच्यात कोणी रसायनशास्त्र शिकलेलं नाही, पण शिकायची तयारी आहे. शिशाला ना चव, ना वास, ना रंग, त्यामुळे अंदाजावर सोडून द्यायला मन धजत नाही. काय घ्यावं, आणि येणाऱ्या आकड्यावर कितपत विसंबावं?

सानिका_र:
टीडीएस मीटर आधी यादीतून काढा. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून एक अंदाज देतो. पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेने शिशासाठी सुचवलेली लिटरला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग. तो त्या मीटरला दिसणं शक्यच नाही. टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्धोक, असं समजून लोक निश्चिंत होतात याचं फार वाईट वाटतं. उलट मृदू, कमी क्षारांचं, किंचित आम्लधर्मी पाणी नळ्यांमधलं शिसं जास्त सोडवतं.

प्रयोगशाळेतला:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. तुमच्या कामाला ॲनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टमेट्रीवर चालणारं यंत्र बघा. नाव लांबलचक असलं तरी कल्पना सोपी आहे. यंत्र इलेक्ट्रोडला ऋण विभव देतं, तेव्हा पाण्यातले शिशाचे आयन त्यावर येऊन धातू होऊन बसतात. थोडा वेळ ते असे साठू द्यायचे आणि मग विभव हळूहळू धन बाजूकडे न्यायचं. साधारण उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास जमलेलं शिसं पुन्हा पाण्यात उतरतं आणि आलेखावर विद्युतप्रवाहाचा उंचवटा उमटतो. उंचवटा जितका मोठा, तितकं शिसं जास्त. आधी गोळा करून मग मोजत असल्यामुळे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढं बारीक प्रमाणही हातातल्या यंत्राला पकडता येतं. पूर्वी यासाठी पाऱ्याचा थर लागत असे. आता बिस्मथचा थरही चालतो, म्हणजे शाळेत पारा घेऊन जायला नको.

पॅलिनटेस्ट या कंपनीची या तत्त्वावरची, एकदा वापरून टाकायच्या इलेक्ट्रोडची पद्धत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी मान्य केलेली आहे. मेथड १००१ या नावाने ती सापडेल. दुसऱ्या कोणत्या कंपनीचं यंत्र पाहत असाल तर निदान अशी एखादी मान्यता आहे का ते विचारा, आणि किती पीपीबीपासून (अब्ज भागांत किती भाग) पुढचा आकडा खात्रीचा आहे तेही विचारा. पाण्याच्या बाबतीत पीपीबी आणि लिटरमागे मायक्रोग्रॅम हे एकच धरायला हरकत नाही. खालची मर्यादा १० पीपीबी असलेलं यंत्र तुमच्या उपयोगाचं नाही.

आणखी एक गोष्ट शिकून घ्याच. १०० मिलिलिटर नमुन्यात १ मिलिग्रॅम प्रति लिटरचं प्रमाणित शिसं-द्रावण १ मिलिलिटर घाला. आकडा जवळपास १० ने वाढला पाहिजे. सहानेच वाढला, तर त्या पाण्यातलं काहीतरी, बहुधा जास्तीचं तांबं किंवा सेंद्रिय पदार्थ, मापनात आडवं येतंय. कंपनीचं माहितीपत्रक कितीही चांगलं असू द्या, तुमच्या नळाच्या पाण्यात यंत्र खरं बोलतंय का हे या चाचणीतूनच कळतं.

पाणवठा:
दोघांचेही मनापासून आभार. मग पट्ट्या अजिबातच नकोत का? शिक्षकांच्या हातात देऊन मोकळं होता येईल असं वाटलं होतं.

सानिका_र:
घरगुती संचांतल्या बऱ्याच पट्ट्या फक्त हो किंवा नाही सांगतात आणि त्यांचा उंबरठा १५ पीपीबीचा असतो. हा आकडा ईपीएच्या १९९१ च्या नियमातून आला. पाणीपुरवठादाराने कधी हालचाल करायची हे ठरवण्यासाठी तो होता, तेवढं शिसं प्यायला सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. ईपीएचं स्वतःचं आरोग्य-उद्दिष्ट शून्य आहे. २०२४ च्या नव्या नियमात त्यांनी हा आकडा १० वर आणायचं ठरवलं, आणि युरोपीय संघाने २०३६ पर्यंत ५ वर यायचं ठरवलं आहे. १२ पीपीबी असलेल्या पाण्यात अशी पट्टी ‘नाही’ दाखवेल आणि शिक्षक तो नळ मुलांसाठी खुला ठेवतील. मला हे पटत नाही. पट्टीने ‘हो’ म्हटलं तर जरूर गांभीर्याने घ्या, पण ‘नाही’वर पाळणाघर सोपवू नका.

मृण्मयी:
यंत्रावर छान चर्चा झाली आहे, पण माझ्या मते तुमचं यश बाटली कशी भरता यावर जास्त अवलंबून आहे. हे काम मी बरीच वर्षं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक वेळा शिसं जलशुद्धीकरण केंद्रातून येत नाही. ते शिशाच्या जुन्या नळीतून, जोडांवरच्या सोल्डरमधून आणि पितळी तोट्यांमधून पाण्यात उतरतं. पाणी नळीत जितका वेळ उभं, तितकं ते जास्त. त्यामुळे दुपारी नळ सतत चालू असताना घेतलेला नमुना जवळजवळ निरुपयोगी. रात्रभर, निदान सहा तास, नळ बंद राहू द्या आणि सकाळचं पहिलंच पाणी घ्या. शाळांसाठी ईपीए पहिलं २५० मिलिलिटर घ्यायला सांगते, कारण तेवढ्यात तोटी आणि तिच्या लगतचे जोड कळतात. इमारतीत येणारी नळीच शिशाची असेल, तर तिच्यात उभं राहिलेलं पाणी नंतर येतं. म्हणून लागोपाठ लिटर-लिटरच्या बाटल्या भरा आणि पाचवी बाटलीही मोजा.

रुंद तोंडाची बाटली घ्या आणि नळ पूर्ण सोडा. आदल्या रात्री पाणी वाहून जाऊ देऊ नका, आणि तोटीची जाळी नमुन्याआधी काढू नका. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये नदीचं पाणी गंजरोधक न मिसळता सुरू केलं गेलं आणि शिसं वाढलं, हे अनेकांना माहीत असतं. पण नमुने घेण्याच्या या चुकीच्या सवयींमुळे शिसं कमी दिसू शकतं, हा वादही तिथे मोठा झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ईपीएला लेखी सांगावं लागलं की आधी पाणी सोडू नका, जाळी काढू नका, अरुंद बाटली वापरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हातातली यंत्रं प्रामुख्याने विरघळलेलं शिसं पाहतात. नळीच्या आतला थर सुटून किंवा सोल्डरचा कण निघून बाटलीत आला, तर आम्ल न घालता केलेल्या मापनात तो निसटतो. मुलाच्या पोटात मात्र जठराचं आम्ल असतं, तिथे तो विरघळू शकतो. म्हणून नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात आणि किमान १६ तास ठेवून मगच मोजतात. प्रयोगशाळा हेच करते. तुमचं यंत्र आम्ल घातलेला नमुना घेतं का, आणि त्यासाठी कोणतं बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारं द्रावण, लागतं, हे खरेदीआधी विचारा. आम्ल हाताळायला हातमोजे, चष्मा आणि शिकवणारं माणूस लागेल. हे काम शाळेच्या वर्गात करू नका.

गंधार७:
एक शंका. अलीकडे चिपवर आणि डीएनएवर चालणाऱ्या सेन्सरबद्दल वाचलं. त्यांची वाट पाहावी का?

प्रयोगशाळेतला:
संशोधन खरंच चांगलं आहे. शिशाचा आयन मिळाला की आरएनएचा दुवा कापणारं डीएनए १९९४ मध्येच सापडलं आणि २००० नंतर त्यावर सेन्सर बनू लागले. २०२४ मध्ये एमआयटीमधल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत क्राउन ईथर, म्हणजे शिशाचा आयन पकडणारे कडीसारखे रेणू, बसवलेली प्रकाशीय चिप दाखवली, ती १ पीपीबीपर्यंत जाते. पण मुलं पाणी आज पिताहेत, वाट पाहू नका. आणि चिप आली तरी मृण्मयीताईंनी सांगितलेल्या कणांचा प्रश्न तसाच राहील.

पाणवठा:
आमचं असं ठरतंय: स्ट्रिपिंगचं यंत्र, सकाळचा पहिला नमुना, आणि प्रत्येक इमारतीतले काही नमुने आम्ल घालून प्रयोगशाळेत. यंत्राला शून्याजवळ दिसलेलेही त्यात असतील. आता शेवटचा प्रश्न. आकडा जास्त आला तर त्याच दिवशी शाळेला काय सांगायचं?

मृण्मयी:
यंत्राला शून्य दिसलेले नमुने पाठवायचा निर्णय उत्तम, बरेच गट नेमके तेच वगळतात.

शाळेला सांगा की तो नळ पिण्यासाठी बंद, हात धुवायला चालेल. पाणी उकळून काही होत नाही, वाफ जाते आणि शिसं मागे राहून उलट दाट होतं. गरम पाण्याच्या नळाचं पाणी पिण्यासाठी किंवा बाळाच्या दुधासाठी अजिबात घेऊ नये, त्यात शिसं लवकर उतरतं. गाळणी बसवायची तर एनएसएफ/एएनएसआय ५३ या अमेरिकी मानकाखाली शिशासाठी नाव घेऊन प्रमाणित असलेलीच. नुसतं ‘कार्बन फिल्टर’ लिहिलेलं पुरेसं नाही. काडतूस वेळेवर बदललं जातंय का ते जाऊन बघा आणि गाळणीनंतरचं पाणी पुन्हा मोजा.

पाण्याचा स्रोत किंवा निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलली तरीही नव्याने मोजा. वॉशिंग्टन डीसीमध्ये २००० साली क्लोरीनऐवजी क्लोरामाइन सुरू झालं, आणि नळ्यांच्या आत स्थिर बसलेला शिशाचा थर विरघळू लागला. आधीच्या चांगल्या आकड्यांचा तेव्हा काहीच उपयोग नव्हता.

पाणवठा:
नोंद केली. प्रमाणित द्रावण आणि बफर आधी मागवतो, यंत्र त्यानंतर.