इटालियन ‘पार्ली’ : तू, तो, की तुम्ही?

इटालियन शिकतेय. पार्लारे (बोलणे) या रेग्युलर क्रियापदाचा वर्तमानकाळ पाठ झालाय, पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. म्हणजे पार्ली = तू बोलतोस. मग ‘क्रेदो के लूई पार्ली’ (मला वाटतं तो बोलतो) यात ‘तो’ला पार्ली कसं? आणि वेटरला बोलवताना ‘सेंता, स्कूझी’ (ऐका, माफ करा) म्हणतात, त्यात एकाला शेवटी आ आणि दुसऱ्याला ई का?

– दोन्हीचं मूळ एकच, कोंजुंतीवो. हा काळ नाही, अर्थ आहे, आपल्याकडे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ असतात ना त्यातला प्रकार. वाटतं, हवंय, शंका आहे असं काही आलं की पुढचं क्रियापद यात जातं. आणि इथे स्वर उलटतात: आरेवाल्यांना (म्हणजे मूळ रूप ‘आरे’ने संपणाऱ्या क्रियापदांना) ई लागतो, एरे आणि ईरेवाल्यांना आ, म्हणून पार्लारेचं पार्ली पण क्रेदेरेचं (वाटणे, मानणे) क्रेदा, दोर्मीरेचं (झोपणे) दोर्मा. मी-तू-तो तिघांना रूप एकच, त्यामुळे एरवी मराठीसारखं सर्वनाम गाळून चालतं तिथे या अर्थात बरेचदा ते बोलून दाखवावं लागतं, नाहीतर कोण ते कळतच नाही.

आता वेटर. आदराने बोलताना ‘लेई’ (आदरार्थी तुम्ही) वापरतात, ते व्याकरणात तृतीयपुरुषी एकवचन, आणि त्याचा आज्ञार्थ कोंजुंतीवोमधूनच घेतात. स्कूझारे आरेवालं, म्हणून मित्राला स्कूझा आणि अनोळखी माणसाला स्कूझी. सेंतीरे ईरेवालं, म्हणून मित्राला सेंती, अनोळख्याला सेंता. बरोब्बर उलट! मराठी माणसाला हे खरं तर जड जायला नको, आपणही पाहुण्यांना ‘या, बसा’च्या जागी ‘यावं, बसावं’ म्हणतो, तिथेही आज्ञार्थ सोडून विध्यर्थच घेतो की. मला तर हे साम्य फार आवडतं, वर्गात पहिल्याच महिन्यात सांगायला हवं.

– छान समजावलंत. एक भर घालतो, ईरेवाल्यांत दोन गट आहेत, दोर्मीरे सरळ चालतं पण फिनीरे (संपवणे), कापीरे (समजणे) यांच्यात मध्ये ‘इस्क’ घुसतो: फिनीस्को, फिनीशी, फिनीशे, पण आम्ही-तुम्हीला फिन्यामो, फिनीते, आणि ते-ला परत फिनीस्कोनो. कोंजुंतीवोतही फिनीस्का. हे अनियमित धरत नाहीत, पण कुठलं क्रियापद कुठल्या गटातलं ते डिक्शनरीतच बघावं लागतं.

– आणि बाकीचे काळ? भविष्यकाळात पार्लारेचं पार्लारो होईल असं वाटलेलं.

– नाही, पार्लेरो, आरेमधल्या आचा ए होतो. क्रेदेरो, दोर्मीरो मात्र सरळ. अपूर्ण भूतकाळ सगळ्यात सोपा, पार्लावो, क्रेदेवो, दोर्मीवो, ज्याचा स्वर त्याच्याकडे राहतो. फक्त उच्चार सांभाळा, पार्लानोमध्ये जोर पहिल्या ‘पार्’वर द्यायचा, पार्लेरोमध्ये शेवटच्या ‘रो’वर, म्हणून तर लिहितानाही त्या ओवर मात्रेसारखी तिरकी रेघ देतात.