मुंबई–लंडन प्रवास: इन्सुलिन कसं न्यायचं, वेळा कशा बदलायच्या?

प्रश्न: आई (६४) जूनमध्ये तीन आठवडे लंडनला जाणार आहे. रात्री १० ला ग्लार्जिन (दिवसभर चालणारं इन्सुलिन) पेन, जेवणाआधी ४०-युनिटच्या व्हायलमधलं (बाटलीतलं) रेग्युलर (जेवणापुरतं, कमी वेळ चालणारं इन्सुलिन). काय सांभाळावं?

प्रतिसाद १: सगळं इन्सुलिन हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं पुन्हा वितळलं तरी फेकायचंच. दुप्पट साठा घ्या, डॉक्टरांच्या पत्रात औषधांची मूळ (ब्रँडची नव्हे, जेनेरिक) नावं हवीत.

सर्वांत मोठा धोका सिरिंजचा. आपल्याकडे व्हायल ४० युनिट प्रति मिलीची, तिकडे १०० ची. तिकडचं इन्सुलिन आपल्याकडच्या लाल टोपणाच्या यू-४० (४० युनिट प्रति मिलीसाठीच्या) सिरिंजने ओढलं तर डोस अडीचपट! सिरिंजही इथूनच पुरेशा न्या.

प्रतिसाद २: जूनमध्ये फरक साडेचार तासांचा, म्हणजे आपले रात्रीचे १० तिथे संध्याकाळी ५:३०. सोयीचं असेल तर ग्लार्जिन तिथे ५:३० लाच घेत राहा. रात्रीच हवं असेल तर रोज तास-दीड तास पुढे सरकवा, डॉक्टरांना विचारून. परतताना वेळ अलीकडे येते, दोन डोसांचा परिणाम एकमेकांवर चढतो. साखर उतरण्याची भीती तेव्हा जास्त.

विमानात ट्रे समोर आल्याशिवाय रेग्युलर टोचू नका. पेनला सुई लावून ठेवू नका, हवेचे बुडबुडे शिरतात. टोचण्याआधी २ युनिट हवेत उडवून बघा.

प्रतिसाद ३: तिथले मीटर साखर मिलिमोलमध्ये (प्रति लिटर) दाखवतात. आपल्या मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) आकड्यासाठी १८ ने गुणा: ४ म्हणजे ७२. त्याखाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.