मदत हवी आहे: दोन अंगठ्यांनी भराभर टाइप केलं की अक्षरं गळतात

बोरूवाला: मराठी कीबोर्ड बनवतोय. सावकाश टाइप केलं तर सगळं ठीक. दोन्ही अंगठ्यांनी भराभर 'नमस्कार' लिहिलं की 'नमसकार' उमटतं, स चा पाय मोडतच नाही. रविवारी टेस्टिंगला द्यायचंय, लवकर सांगा.

सांजवारा: अँड्रॉइड की आयफोन? आयफोनवर व्ह्यूचं (पडद्यावरच्या चौकटीचं) मल्टिपल टच, म्हणजे एकाहून जास्त बोटं ओळखणं, मुळात बंद असतं, चालू करावं लागतं.

बोरूवाला: अर्थात अँड्रॉइड.

चिंचगूळ: सेटिंग्जमध्ये जाऊन कीबोर्ड चालू केलाय ना?

बोरूवाला: अहो, अक्षरं उमटतायत म्हणजे चालूच आहे!

कातळ: प्रत्येक की वेगळं बटण आहे, की सगळा कीबोर्ड एकाच व्ह्यूवर काढलाय?

बोरूवाला: एकच व्ह्यू, कॅनव्हासवर. दुसरं बोट टेकलं की लॉगमध्ये (ॲपच्या नोंदींत) स्पर्शाच्या इव्हेंटचा आकडा २६१ येतो. असा इव्हेंट मला यादीत सापडला नाही.

कातळ: घोळ तिथेच आहे. २६१ म्हणजे ५ अधिक २५६. ५ हा पॉइंटर डाउन, म्हणजे आणखी एक बोट टेकलं; २५६ मध्ये बोटाचा इंडेक्स (शून्यापासून मोजलेला क्रमांक) १ दडलाय. हा एकत्र आकडा देणारं गेटॲक्शन काढा, नुसता इव्हेंट देणारं गेटॲक्शनमास्क्ड वापरा. बोटाची आडवी जागा सांगणाऱ्या गेटएक्सलाही इंडेक्स द्या, नाहीतर पहिल्याच बोटाची जागा मिळते. कुठल्या बोटाखाली कुठली की, हे पॉइंटर आयडीवर (बोटाच्या ओळखक्रमांकावर) साठवा. पहिलं बोट उचललं की इंडेक्स सरकतो, आयडी तोच राहतो.

सांजवारा: एवढं कशाला? बोट टेकताच अक्षर पाठवा. मी तसंच करतो, कुणाची तक्रार नाही.

कातळ: मग ल दाबून धरल्यावर ळ कसा देणार? शेजारच्या कीवर पडलेलं बोट सरकवून सुधारताही येणार नाही. अँड्रॉइडच्या मूळ कीबोर्डात, लॅटिनआयएमईत, बघा: पहिलं बोट टेकलेलं असताना दुसरं उचललं, तर आधी पहिल्याखालचं अक्षर जातं, मग दुसऱ्याखालचं. क्रम बिघडत नाही. शिफ्ट तेवढी वगळा, ती धरून ठेवायची असते.

मोगरा: फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांनी लिहायचा) लेआउट ठेवा हो, पाय मोडायची की लागतच नाही.

चिंचगूळ: आमच्याकडे सगळे इनस्क्रिप्टवाले, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण लेआउटवाले. एकदा हात बसला की दुसरं काही नको वाटतं.

बोरूवाला: लेआउटचं नंतर बघू. कातळ, 'नमस्कार' नीट येतोय, खूप आभार! पण बॅकस्पेस उजव्या कडेला आहे. ती दाबून बोट आत सरकलं की मागे जायचा जेश्चर लागतो, कीबोर्ड मिटतो आणि पुसणं चालूच राहतं.

कातळ: तेव्हा अप (बोट उचललं) हा इव्हेंट येत नाही, ॲक्शन कॅन्सल (स्पर्श रद्द झाला) येतो. तो आला की रिपीटचा टायमर थांबवा, साठवलेले सगळे पॉइंटर काढा आणि काहीही पाठवू नका.